जेलीमॅडमचा चौथा डबा

शनिवार, सकाळचे आठ. हजर: शिकायला आलेले डॉक्टर सगळे, मशीन घेऊन आलेली कंपनीची दोन माणसं, चहावाला आणि मी. भूलतज्ज्ञ बोलावलेले नव्हते, कारण जेलीला भूल द्यावी लागत नाही. गैरहजर: फक्त मॅडम. उरणहून येताना त्या जासईला कंटेनरच्या ट्रेलरांमागे अडकल्या होत्या आणि तिथून मला फोन करून विचारत होत्या, हॉलमधला एसी चालू केला का. मी म्हटलं, केला. थोड्या वेळाने परत फोन. किती थंड झालंय?

त्या पोचल्या तेव्हा मी खाली गाडीपाशी गेले. पुढच्या सीटवर एक आणि मागे तीन असे झाकणाचे चार मोठे प्लास्टिकचे डबे, आणि प्रत्येक डब्याला सीटबेल्ट. मॅडमनी स्वतःचा बेल्ट मात्र लावलेला नव्हता. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "मी हलले तर चालतं. यांना नाही चालत."

ही हजेरी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं त्या दिवसाची. तुर्भ्याच्या एका हॉस्पिटलात मी प्रशिक्षणाची समन्वयक आहे. खुर्च्या, जेवण, प्रमाणपत्रं, कोण कोणत्या टेबलापाशी आणि किती वेळ, ही माझी कामं. त्यांचं खरं नाव प्रमाणपत्रांवर छापलेलं असायचं, पण शिकून गेलेले सगळे त्यांना जेलीमॅडम म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. पाठीमागे म्हणतात म्हणजे समोर घाबरतात, तेव्हा ठीक आहे, असं त्यांचं मत.

त्या शिकवायच्या ते थोडक्यात असं. एक दुर्बीण तोंडावाटे पोटात उतरवतात आणि तिच्या टोकाला सोनोग्राफी असते. साध्या दुर्बिणीला जठराची आतली बाजू दिसते, हिला भिंतीपलीकडचंही दिसतं. स्वादुपिंडाला सूज येऊन शेजारी पाणी किंवा पू साठला, तर पोट न उघडता जठराच्या भिंतीतून सुई घालायची, तिथेच एक छोटी नळी बसवायची आणि साठलेलं जठरात वाहून जाऊ द्यायचं. पेशंट चार दिवसांत घरी जातो. मधे एखादी मोठी रक्तवाहिनी आडवी आली, तर मात्र सगळंच अवघड होतं. हे काम पहिल्यांदा जिवंत माणसावर करून बघता येत नाही. म्हणून जेली.

बाहेर मिळणारी नमुन्याची पोटं महाग असतात आणि दोनदा टोचली की संपतात. मॅडम आपली पोटं घरी करत. त्या उरणच्या बाजूच्या कोकणी मुसलमान घरातल्या. त्यांच्या आई ईदला चायना ग्रास घालून दुधाचं पुडिंग करत, ते त्या लहानपणी बघून शिकल्या होत्या. तोच चायना ग्रास पाण्यात उकळायचा, डब्यात, साठलेल्या पाण्याच्या जागी ठेवलेल्या फुग्याभोवती, ओतायचा आणि थंड करायचा. पण नुसती जेली सोनोग्राफीच्या पडद्यावर काळी दिसते. तिच्यात इसबगोल घातलं की ती करडी दिसते, खऱ्या पोटातल्यासारखी. हे प्रमाण जमायला त्यांना एक उन्हाळा लागला होता. इसबगोल त्या इथल्याच घाऊक बाजारातून पोत्याने नेत. तिथल्या व्यापाऱ्याने एकदा मला हळूच विचारलं, डॉक्टरबाईंच्या घरी सगळ्यांनाच त्रास आहे का. मी म्हटलं, घरी त्या एकट्याच असतात. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी आणखी वाढली.

एकट्याच, हे खरं होतं. भाऊ आखातात, बहीण लग्न होऊन श्रीवर्धनला, आईवडील गेलेले. ईदला मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. फ्रिज उघडला तर तीन कप्पे डब्यांनी भरलेले आणि दूध दारातल्या बाटलीच्या जागेत तिरपं टेकवलेलं. त्यांनी मला आईच्या पद्धतीचं पुडिंग दिलं. पहिला चमचा घेताना मी नकळत आत फुगा आहे का ते पाहिलं. त्या एवढ्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "या डब्याला कोणी भोक पाडत नाही, म्हणून फार वेळ पुरतो." दिवसभरात त्यांच्याकडे आलेली मी एकटीच होते, हे मला निघताना कळलं.

शिकवताना त्यांचे दोन्ही हात अ‍ॅप्रनच्या खिशात असत. शिकणारा डॉक्टर कितीही चाचपडला तरी हात बाहेर निघायचे नाहीत. फक्त बोलायच्या. थोडं मागे या. मनगट वळवा, खांदा नको. आता श्वास घ्या, तुम्ही, पेशंट नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी वैतागून म्हटलं की मॅडम एकदा धरून दाखवा ना. त्या म्हणाल्या, "माझा हात तुम्हाला घरी नेता येणार नाही. मग त्याची सवय कशाला?" दुपारी सगळे जेवायला जात तेव्हा त्या डब्यांपाशी थांबत, जेली सुकू नये म्हणून ओली फडकी बदलत. मी त्यांचं ताट तिथेच नेऊन ठेवायचे. शेवटच्या दिवशीच्या फोटोत त्या नसत. फोटो निघेपर्यंत त्यांची गाडी निघालेली असे.

आता चौथ्या डब्याबद्दल.

पहिल्या तीन डब्यांत पाण्याने भरलेले फुगे असत. एक सोपा, एक अवघड, एक त्याहून अवघड. चौथ्या डब्यातही फुगा असे, पण त्याच्याभोवती बारीक रबरी नळ्या अशा फिरवलेल्या, की कुठूनही सुई घातली तरी नळी लागणारच. नळ्यांतून माशांच्या टाकीच्या पंपाने लाल पाणी खेळवलेलं. मशीनवर रंगाचं बटण दाबलं की वाहतं पाणी पडद्यावर लाल-निळं दिसे. दिसलंच नाही, असं म्हणायची सोय नव्हती. या डब्याचं बरोबर उत्तर एकच होतं. सुई न घालता दुर्बीण मागे घ्यायची आणि म्हणायचं, आज नाही.

हे आधी कोणाला सांगितलेलं नसे. टेबलापाशी येणारी सगळी माणसं आयुष्यभर पहिली-दुसरी आलेली, पेपर कोरा सोडायचा नाही हे शाळेपासून शिकलेली. समोर फुगा आहे, हातात सुई आहे, मग वाट असणारच, असं त्यांना वाटायचं. मग डबा लाल व्हायचा. मॅडम नुसतं फडकं पुढे करत.

जो कोणी मागे येई त्याची परीक्षा अर्धीच झालेली असे. हॉलच्या बाहेर एक खुर्ची ठेवलेली असायची आणि तिच्यावर मी. मी पेशंटची बहीण. डॉक्टरांनी बाहेर येऊन मला सांगायचं, काय झालं ते. मी एवढंच विचारायचं, "झालं का हो?" पहिल्या वेळी मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. समोरचे डॉक्टर हातमोजे काढत इंग्रजीत काहीतरी सांगू लागत. कोणी म्हणे पुढच्या वेळी बघू. कोणी म्हणे ऐंशी टक्के झालंय. मॅडम माझ्या मागे उभ्या राहून ऐकत. "नाही केलं. केलं असतं तर रक्तस्राव झाला असता. आता दुसरा मार्ग असा आहे," एवढी तीन वाक्यं सरळ सांगणारा माणूस मिळाला की त्या आत जाऊन त्याच्या प्रमाणपत्रावर सही करत. बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवसापर्यंत जमायचं.

शिकायला आलेल्यांपैकी डॉक्टर निकम साताऱ्याचे. तिथल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलने हे मशीन घेतलं होतं आणि ते चालवायला अख्ख्या भागात हा एकच तरुण डॉक्टर. तोवर तिकडचे पेशंट पुण्याला जात. माझं माहेर कराडकडचं, त्यामुळे चहाच्या वेळी ओळख निघाली आणि लगेच मोहितेबाईची मी मोहितेताई झाले. पहिल्या दिवशी त्यांनी तिन्ही डबे असे सोडवले की कंपनीची माणसंसुद्धा मागे येऊन उभी राहिली. संध्याकाळी मॅडमनी मला बाजूला घेतलं. मी त्यांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "याचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत. माझ्यानंतर चौथ्या डब्याचं टेबल याला द्यायचं. लिहून ठेवा." वारस मिळाला असं म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण अर्थ तोच होता.

दुसऱ्या दिवशी निकमांनी चौथा डबा लाल केला. पुन्हा दिला, पुन्हा लाल. नळ्यांच्या मधून एवढीशी फट आहे असं त्यांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, फट तुम्हाला हवी आहे म्हणून दिसते. सही झाली नाही. पुढच्या कार्यशाळेला ते स्वतःच्या खर्चाने परत आले आणि या वेळी सुई न घालता मागे फिरले. मी खुर्चीत बसले होते. माझ्यासमोर येऊन म्हणाले, प्रयत्न केला ताई, पण जरा टेक्निकल प्रॉब्लेम आला.

मॅडमनी मागून विचारलं, "मशीन बंद पडलं होतं का?"

निकम चिडले. आवाज चढवला नाही, पण चेहरा ताठ झाला. म्हणाले, "मॅडम, इथे खुर्चीवर ताई बसतात म्हणून नाही म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे बाहेर अख्खं गाव बसलेलं असतं. मशीन आलं म्हणून पेपरात फोटो येऊन गेलाय. त्यांना काय सांगू, जमलं नाही?"

"जमलं नाही असं नाही. केलं नाही," मॅडम म्हणाल्या. "हे दोन वेगळे शब्द आहेत. तुम्हाला अजून एकच येतो."

मी मध्ये पडले. मॅडमना म्हटलं, आमच्याकडचा माणूस आहे, हात चांगला आहे, तिकडचे लोक वाट बघतायत, एवढं एक सोडून द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, इथे कोणी चुकलं तर शेजारच्या खोलीत सर्जन उभा आहे, निकमच्या मागे साताऱ्यात कोणी नाही, म्हणून त्यालाच सोडता येत नाही. निकम संध्याकाळच्या गाडीने गेले. पुढे त्यांनी दुसरीकडून प्रमाणपत्र घेतलं आणि काम सुरू केलं, असं मला गावाकडून कळलं. मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्या फडकी पिळत होत्या. त्यांनी मान हलवली. चौथ्या टेबलाचा विषय त्यांनी परत काढला नाही आणि दुसरं कोणाचं नावही कधी सांगितलं नाही.

एकदा मी विचारलं होतं, हा डबा सुचला कसा. मला वाटलं होतं, त्यांच्या हातून कोणी पेशंट गेला असेल. तसं नव्हतं. त्या स्वतः नवीन असताना एका पेशंटमध्ये त्यांना वाट नीट दिसेना, म्हणून त्या मागे आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सीनियरने तिथूनच सुई घातली आणि काम झालं. पेशंट बरा होऊन घरी गेला. त्यानंतर बाई घाबरतात असं पसरलं आणि त्यांच्याकडे पेशंट पाठवणं लोकांनी हळूहळू बंद केलं. मी विचारलं, म्हणजे तेव्हा तुमचं चुकलं? म्हणाल्या, "नाही. त्यांना दिसलं, ते गेले. मला दिसत नव्हतं. वाट दिसत नसताना मी गेले असते आणि पेशंट वाचला असता, तरी माझं चुकलंच असतं." मग म्हणाल्या की हे कोणाला पटवता येत नाही, कारण मागे आलेल्या माणसाकडे दाखवायला काही नसतं.

शिकून गेलेले कोणी फोन करतात का, हेही मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अडल्यावर करतात. फोन आला नाही म्हणजे बरं चाललंय." त्यांचा फोन फार कमी वाजायचा. तो टेबलावर उताणा ठेवलेला असे आणि त्या मधूनमधून त्याच्याकडे बघत.

मग हॉस्पिटलने संगणकावर शिकवणारं एक मोठं यंत्र घेतलं. छान आहे. साफ करावं लागत नाही, सुकत नाही, शेवटी गुण देतं. त्यात असतात त्या सगळ्या केस पूर्ण करता येतात. केली नाही तर शून्य. मॅडमना उद्घाटनाला भाषणासाठी बोलावलं होतं. त्यांनी यंत्रावर एक केस घेतली, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दुर्बीण मागे घेतली. शून्य आलं. सगळे हसले, त्याही हसल्या. जाताना मला म्हणाल्या की यंत्राला बाहेरच्या खुर्चीबद्दल कोणी सांगितलेलं दिसत नाही.

त्यानंतर त्यांना बोलवायचं कारण उरलं नाही. मी सणाला मेसेज करायचे, त्यांचं उत्तर यायचं. एक दिवस त्यांच्या नंबरवरून त्यांच्या भाचीचा फोन आला. मावशी झोपेतच गेल्या. दफन होऊन गेलं होतं.

मी उरणला गेले. भाची श्रीवर्धनहून आली होती आणि घर आवरत होती. म्हणाली, फ्रिजमध्ये एक मोठा डबा जेली होती, आत नळ्याबिळ्या. खायची असेल असं वाटलं, पण वास वेगळाच होता, म्हणून टाकून दिली. शेजारच्या बाईंनी तिला सांगितलं होतं की मावशी दर आठवड्याला असा एक डबा करायच्या आणि आठवड्याने फेकून द्यायच्या. कार्यशाळा बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. भाचीने मला चारही डबे दिले, स्वच्छ घासलेले. नळ्या धुऊन गुंडाळून रबर लावून ठेवल्या होत्या. चांगली मुलगी. 

बातमी मी सगळ्यांना कळवली. बहुतेकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. निकम मात्र स्वतः आले, रविवारी, माझ्या कामोठ्याच्या घरी. केस बरेच पिकले होते. चहा तसाच ठेवला. मग सांगायला लागले.

त्यांच्याकडे एक पेशंट आला होता, बागायतदार, गावात वजन असलेला. सगळी तयारी झाली, दुर्बीण आत गेली, आणि पडद्यावर मॅडमचा डबा. वाट नाही. निकम मागे आले. बाहेर पेशंटचे दोन भाऊ आणि गावचे पंचवीसेक जण. "ताई, मी तिथे उभा राहिलो आणि म्हणालो, नाही केलं. केलं असतं तर रक्तस्राव झाला असता." लोकांनी तिथल्या तिथे गाडी काढून पेशंटला पुण्याला नेलं. तिथे दुसऱ्या पद्धतीने उपचार झाले, माणूस वाचला. भाऊ अजून निकमांशी बोलत नाहीत. ट्रस्टने विचारलं, मशीन कशाला घेतलं मग.

मी विचारलं, मॅडमना सांगितलंत का हे कधी.

"अडलं नव्हतं ना काही," निकम म्हणाले. "अडल्याशिवाय त्यांना कशाला त्रास द्यायचा, म्हणून नाही केला फोन."

मी उठून चहा परत गरम करायला ठेवला. 

थोड्या वेळाने त्यांनी डबे बघायला मागितले. झाकण काढून आत हात फिरवला आणि विचारलं, चौथं टेबल आता कोणाकडे आहे. मी म्हटलं, कोणाकडेच नाही, तुमचं नाव होतं.  मग म्हणाले, "मी येतो. पण डबा कोण करणार?"

तेव्हापासून आम्ही करतोय. विभागप्रमुखांकडून मी एक टेबल आणि बाहेरची खुर्ची परत मिळवली आहे. जेली मला जमते. चायना ग्रास, इसबगोल, फुगा, पंप, सगळं आहे. नळ्या कशा फिरवायच्या ते मात्र मॅडमनी कोणाला दाखवलं नव्हतं, आणि शेवटचा डबा मोरीतून वाहून गेला. निकम महिन्यातून एका रविवारी येतात. माझ्या ओट्यापाशी उभं राहून नळ्या लावतात, मी जेली ओतते, ती जमली की आम्ही डबा सीटबेल्ट लावून तुर्भ्याला नेतो. तिथे ते आपल्याच डब्यात दुर्बीण घालतात आणि वाट शोधत बसतात. आजवर दर वेळी सापडली आहे. एक बंद केली की दुसरीकडून उघडते. मॅडम एकट्या घरात, मशीन नसताना, ती कशी बंद करत असतील हे आम्हाला दोघांनाही समजत नाही.

परवाच्या डब्यात वाटलं होतं, झालं. निकम खूप वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मनगट थोडं वळवलं आणि सुई अलगद फुग्यात गेली. डबा लाल झाला नाही.

पुढच्या कार्यशाळेला येणाऱ्या डॉक्टरांची नावं आली आहेत. जेवण सांगून झालं, खुर्च्या झाल्या, पंप दुरुस्त करून आणला. डबा तेवढा अजून बंद व्हायचा आहे.